लेखकांचा संप आणि टीव्ही : वेळापत्रक, रेटिंग आणि पुढच्या पर्वांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२३ चा अमेरिकेतला लेखकांचा संप मिटला, तरी त्याबद्दलचे प्रश्न येणे थांबलेले नाही. कुणाची आवडती मालिका दहाच भागांत आटोपली, कुणाची मंजूर झालेली मालिका अचानक रद्द झाली, तर कुणी २००८ मधली जुनी पर्वे आज पाहताना ती मध्येच तुटलेली पाहून गोंधळले. सगळ्यात जास्त विचारले जाणारे प्रश्न आधी घेतले आहेत, अपवाद आणि गुंतागुंतीचे प्रश्न नंतर. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लेखकांचा संप म्हणजे नेमका कोण कोणाविरुद्ध करतो?

रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका ही टीव्ही आणि चित्रपट लेखकांची संघटना. तिच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन शाखा आहेत आणि २०२३ मध्ये तिचे सुमारे साडेअकरा हजार सभासद संपात होते. समोर असते ती स्टुडिओ, नेटवर्क (एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स अशा देशव्यापी वाहिन्या) आणि स्ट्रीमिंग कंपन्यांच्या वतीने वाटाघाटी करणारी निर्मात्यांची संघटना, एएमपीटीपी. दोघांमध्ये साधारणपणे दर तीन वर्षांनी करार होतो. किमान मानधन, श्रेयनामावली, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन आणि मालिका पुन्हा दाखवली की लेखकाला मिळणारे पैसे, ज्याला तिथे रेसिड्युअल म्हणतात, हे सगळे या करारात ठरते.

करार संपला आणि नवा जमला नाही, तर संप होऊ शकतो. संपात सभासदाने या कंपन्यांसाठी लिहायचे नाही, लिहिलेले दुरुस्त करायचे नाही, नवी कल्पना घेऊन कुणाला भेटायचेही नाही. मात्र आधीच सुपूर्द केलेली पटकथा कंपनीकडेच राहते आणि तिचे चित्रीकरण कंपनी करू शकते. पुढची बहुतेक उत्तरे या शेवटच्या वाक्यातून निघतात.

२. टीव्हीला मोठा फटका देणारे संप कोणते?

संप बरेच झाले, पण वेळापत्रकाच्या दृष्टीने तीन महत्त्वाचे. पहिला ७ मार्च ते ७ ऑगस्ट १९८८, पाच महिन्यांचा. दुसरा ५ नोव्हेंबर २००७ ते १२ फेब्रुवारी २००८, शंभर दिवसांचा. तिसरा २ मे ते २७ सप्टेंबर २०२३, १४८ दिवसांचा. २०२३ मध्ये १४ जुलै ते ९ नोव्हेंबर असा कलाकारांचाही संप झाला. लेखक आणि कलाकार एकाच वेळी संपावर जाण्याची त्याआधीची वेळ १९६० मधली.

२००७ चा मुख्य मुद्दा होता इंटरनेटवर दाखवल्या जाणाऱ्या कामाचे पैसे. तेव्हा कंपन्या म्हणत होत्या की या माध्यमात कमाई आहे की नाही हेच अजून कळत नाही. पुढच्या पंधरा वर्षांत अख्खा धंदा त्या माध्यमावर गेला. लेखकांनी तेव्हा पाय रोवले नसते तर २०२३ मध्ये बोलणी करायला हातात काहीच उरले नसते, असे मला ठामपणे वाटते.

३. संप सुरू झाला, पण माझी मालिका तर चालूच आहे. असे कसे?

कारण शिल्लक. संप ज्या दिवशी सुरू होतो त्या दिवशी प्रत्येक मालिकेकडे चार प्रकारचा साठा असतो: प्रक्षेपणाला तयार भाग, संकलन चालू असलेले भाग, चित्रीकरण झालेले किंवा चालू असलेले भाग, आणि लिहून पूर्ण झालेल्या पटकथा. हा साठा पुरेल तितके दिवस पडद्यावर काहीच फरक दिसत नाही. विहिरीतले पाणी उपसणे चालू असते, झरा मात्र आटलेला असतो.

नेटवर्कवरच्या तासाभराच्या एका भागाचे चित्रीकरण साधारण आठ कामाच्या दिवसांत होते. त्यामुळे हातात चार पटकथा असतील तर आणखी सुमारे दीड महिना सेट चालू राहू शकतो. मोठ्या कंपन्या कराराची मुदत जवळ आली की पटकथा लवकर मागवून घेतात. २००७ मध्ये हे उघडपणे झाले.

म्हणून संपाची तारीख आणि पडदा रिकामा होण्याची तारीख यांत आठवडे, कधी महिने जातात. संप मिटल्यावरही तितकाच वेळ लागतो. त्या दिवशी लेखक कामावर येतात, भाग नाही.

४. मग सगळ्यात आधी काय बंद पडते?

रात्रीचे टॉक शो. त्यांचा मजकूर त्याच दिवशी सकाळी वर्तमानपत्र वाचून लिहिला जातो, साठा असा नसतोच. २ मे २०२३ ला फॅलन, किमेल, कोलबेअर, मायर्स या सगळ्यांचे कार्यक्रम त्याच रात्रीपासून जुने भाग दाखवू लागले. ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’चे पर्व एप्रिलमधल्या भागावरच संपले. ६ मेच्या भागासाठी ठरलेला पाहुणा सूत्रधार पीट डेव्हिडसन शेवटी १४ ऑक्टोबरला, पुढच्या पर्वाच्या पहिल्या भागात मंचावर आला.

या कार्यक्रमांतून मला नेहमी एक जाणवते. सूत्रधार किती हजरजबाबी आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या हजरजबाबीपणामागे सकाळपासून बसलेली दहा-पंधरा माणसे असतात. एरवी ती कुणाला दिसत नाहीत. संपाच्या पहिल्या रात्री त्यांची अनुपस्थिती साऱ्या देशाला दिसते.

५. २००७ च्या संपात मालिका मध्येच तुटल्या, २०२३ मध्ये मात्र तसे झाले नाही. का?

संप कोणत्या महिन्यात येतो यावर सगळे अवलंबून असते.

अमेरिकी नेटवर्कचे वर्ष सप्टेंबरअखेर सुरू होऊन मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपते. लेखक मे-जूनमध्ये एकत्र बसतात, जुलै-ऑगस्टमध्ये चित्रीकरण सुरू होते आणि पहिला भाग दिसतो तेव्हा लेखक आठव्या-नवव्या भागावर काम करत असतात.

२००७ चा संप नोव्हेंबरात आला, म्हणजे पर्व ऐन भरात असताना. २२-२४ भागांच्या बहुतेक मालिकांचे आठ ते बारा भाग तयार होते. डिसेंबर-जानेवारीपर्यंत ते संपले आणि गोष्ट अधांतरी राहिली. ‘हीरोज’चे दुसरे पर्व चोवीसऐवजी ११ भागांवर थांबले. ‘पुशिंग डेझीज’चे पहिले पर्व ९ भागांचे झाले. ‘फ्रायडे नाइट लाइट्स’चे दुसरे पर्व १५ व्या भागावर तुटले आणि त्यातली काही पात्रे पुढे कधी दिसलीच नाहीत. ‘लॉस्ट’कडे आठ भाग तयार होते. ते ३१ जानेवारी २००८ पासून दाखवले, मग खंड पडला आणि एप्रिलअखेर आणखी सहा आले.

‘२४’चा निर्णय सर्वांत टोकाचा. आठ भाग तयार असूनही फॉक्सने ते दाखवले नाहीत, कारण त्या मालिकेची रचनाच सलग चोवीस तासांची. सातवे पर्व जानेवारी २००८ ऐवजी जानेवारी २००९ मध्ये आले, मध्ये नोव्हेंबर २००८ ला फक्त एक दोन तासांचा विशेष चित्रपट.

२०२३ चा संप मेमध्ये आला. चालू पर्वे तोवर जवळजवळ आटोपली होती, म्हणून उन्हाळ्यात प्रेक्षकाला फारसे काही कळले नाही. फटका बसला तो पुढच्या सप्टेंबरला, कारण लेखकांनी एकत्र बसण्याचे महिनेच संपात गेले. १९८८ मध्येही हाच प्रकार झाला होता. त्या वर्षीचा नवा हंगाम महिना-दोन महिने लांबला आणि काही मालिका डिसेंबरात सुरू झाल्या.

६. रिकाम्या जागी वाहिन्या काय दाखवतात?

जे तयार आहे, जे स्वस्त आहे आणि ज्याला गिल्डचा लेखक लागत नाही, ते.

२००८ मध्ये सीबीएसने आपल्याच कंपनीच्या केबल वाहिनीवरची ‘डेक्स्टर’ काटछाट करून नेटवर्कवर आणली आणि ‘बिग ब्रदर’चे एक जादा पर्व हिवाळ्यात उरकले. एनबीसीने ‘अमेरिकन ग्लॅडिएटर्स’ला पुन्हा उभे केले. २०२३ मध्ये एबीसीने मे महिन्यातच शरद ऋतूचे असे वेळापत्रक जाहीर केले, ज्यात नवी लिखित मालिका एकही नव्हती. ‘अॅबट एलिमेंटरी’ होती, तीही जुन्या भागांची. सीबीएसने आधी नेहमीसारखे वेळापत्रक दिले, पण जुलैत ते मागे घेऊन ‘यलोस्टोन’चे केबलवर होऊन गेलेले भाग आणि ‘घोस्ट्स’ची मूळ ब्रिटिश मालिका दाखवायचे ठरवले.

१९८८ मधली युक्ती वेगळी होती. एबीसीने ‘मिशन: इम्पॉसिबल’ पुन्हा सुरू केली ती जुन्या मालिकेच्या पटकथा हाताशी होत्या म्हणून, आणि चित्रीकरण केले ऑस्ट्रेलियात. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’च्या दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग सत्तरच्या दशकात कधीच न झालेल्या एका मालिकेसाठी लिहिलेल्या पटकथेवरून केला होता.

७. रिअॅलिटी शोचा जन्म लेखकांच्या संपातून झाला, हे खरे आहे का?

नाही. ‘सर्व्हायव्हर’ २००० मध्ये आणि ‘अमेरिकन आयडॉल’ २००२ मध्ये सुरू झाले, म्हणजे २००७ च्या संपाच्या बरेच आधी. ‘कॉप्स’ मार्च १९८९ मध्ये आला आणि १९८८ च्या संपानंतर नेटवर्कला बिनलेखकाच्या कार्यक्रमांची गरज कळली होती, इथपर्यंत नाते जोडता येते. संपात हे कार्यक्रम वाढतात हे नक्की. पण त्यांना टिकवते ते त्यांचे स्वस्त असणे, आणि ते कारण संप नसतानाही असतेच.

८. पण रिअॅलिटी शोलाही कुणीतरी लिहीत असेलच ना?

असते. शेकडो तासांच्या चित्रीकरणातून गोष्ट शोधणारे, कोणाचे भांडण कधी दाखवायचे हे ठरवणारे स्टोरी प्रोड्युसर असतात. त्यांना लेखकाचा दर्जा आणि गिल्डचे संरक्षण मिळत नाही. २००६ च्या उन्हाळ्यात ‘अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल’च्या अशा मंडळींनी गिल्डमध्ये सामावून घ्या म्हणून संप केला. त्यांच्याशिवायच पुढचे पर्व काढले गेले. २००७ च्या मागण्यांमध्ये रिअॅलिटी आणि अॅनिमेशनच्या लेखकांना गिल्डच्या छत्राखाली आणण्याची मागणीही होती. तडजोडीत ती सोडून द्यावी लागली. मला या इतिहासातली ही सर्वांत दुःखद गोष्ट वाटते, कारण जे संपात जागा भरून काढतात त्यांनाच संघटना नाही.

९. संपात रेटिंग किती पडते?

सगळ्यांचे सारखे पडत नाही, म्हणून एक आकडा सांगण्यात अर्थ नाही. दोन गोष्टी मात्र ठाम सांगता येतात.

एक, जुन्या भागांना सगळ्या मालिकांत सारखी किंमत नसते. प्रत्येक भागात एक गुन्हा आणि त्याचा उलगडा अशी रचना असेल तर पुनःप्रक्षेपणही लोक बघतात. कोणताही भाग कुठूनही पाहता येतो. सलग कथानकाच्या मालिकेचा जुना भाग मात्र कुणी फारसे पाहत नाही. त्यामुळे संपात ‘लॉस्ट’सारख्या मालिकेची जागा जितकी खोल जाते, तितकी पोलिसी मालिकेची जात नाही.

दोन, तयार भाग शिल्लक असलेल्या कार्यक्रमाला संप फायद्याचा ठरू शकतो, कारण समोर स्पर्धाच नसते. पण याची खात्री नाही. ‘जेरिको’ ही मालिका रद्द झाल्यावर चाहत्यांनी शेंगदाणे पाठवून आंदोलन केले होते. तिचे सात भागांचे दुसरे पर्व तयार होते आणि फेब्रुवारी २००८ मध्ये इतर मालिका बंद असताना ते लागले. तरीही प्रेक्षक पुरेसे आले नाहीत आणि मार्चमध्ये ती पुन्हा बंद झाली.

१०. रेटिंग पडले तर जाहिरातदारांचे काय होते?

नेटवर्क मे महिन्यात पुढच्या वर्षाच्या जाहिरातींचा मोठा वाटा आगाऊ विकते आणि इतके प्रेक्षक मिळतील अशी हमी देते. ती हमी प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या आकड्यांवर मोजली जाते. २००७ च्या हंगामापासून हिशेब फक्त कार्यक्रमाचा न राहता जाहिरातींच्या वेळेचा आणि तीन दिवसांत रेकॉर्ड करून पाहिलेल्यांचाही झाला. हमीपेक्षा प्रेक्षक कमी आले तर नेटवर्क भरपाई म्हणून जादा जाहिराती फुकट दाखवते. पण संपात नव्या भागांमधली चांगली जागाच उरत नाही, म्हणजे भरपाई द्यायलाही माल नसतो. २००७ च्या अखेरीस एनबीसीला काही जाहिरातदारांना रोख पैसे परत करावे लागले.

दुसऱ्या बाजूला, संपात नेटवर्कचा खर्चही घटतो, म्हणून पहिले काही आठवडे हिशेबाच्या वहीत संप तितका वाईट दिसत नाही. कंपन्या लवकर का नमत नाहीत, याचे एक उत्तर यात आहे.

११. संपानंतर प्रेक्षक परत येतात का?

काही मालिकांकडे येतात. ‘द बिग बँग थिअरी’ संपाआधी जेमतेम आठ भाग दिसली होती. १७ मार्च २००८ ला परतली, पहिले पर्व १७ भागांचे झाले आणि मालिका २०१९ पर्यंत बारा पर्वे चालली. सीबीएसने आपल्या विनोदी मालिका संप मिटल्यावर महिना-सव्वा महिन्यात पडद्यावर आणल्या. विनोदी मालिकेचा भाग लवकर तयार होतो.

एबीसीने उलट केले. ‘पुशिंग डेझीज’, ‘डर्टी सेक्सी मनी’ आणि ‘प्रायव्हेट प्रॅक्टिस’ या तीन नव्या मालिका वसंतात न आणता थेट शरदात आणायच्या असे ठरवले. ‘पुशिंग डेझीज’ डिसेंबर २००७ पासून ऑक्टोबर २००८ पर्यंत गायब राहिली. नऊ भाग पाहून जमलेल्या प्रेक्षकाकडून दहा महिने वाट पाहण्याची अपेक्षा फार होती. परतल्यावर रेटिंग कोसळले आणि नोव्हेंबरात ती रद्द झाली. ‘प्रायव्हेट प्रॅक्टिस’ मात्र तेवढाच खंड सोसून २०१३ पर्यंत चालली, कारण ती ‘ग्रेज अॅनाटॉमी’तून निघालेली मालिका होती आणि तिच्या नायिकेला प्रेक्षक आधीपासून ओळखत होते. खंड सोसायला जुनी ओळख लागते. नव्या आणि विलक्षण मालिकेकडे तीच नसते.

१२. ‘हीरोज’ संपामुळेच बुडाली ना?

हा समज फार पक्का आहे, पण घटनाक्रम तो मान्य करत नाही. दुसऱ्या पर्वाच्या संथपणाबद्दल मालिकेचे निर्माते टिम क्रिंग यांनी नोव्हेंबर २००७ मध्येच जाहीर माफी मागितली होती, म्हणजे तोपर्यंतचे भाग संपाआधी लिहिलेले होते. संपाने एक ठरलेला कथाभाग पुसला आणि सप्टेंबर २००८ पर्यंतचा खंड पाडला, ही हानी खरी. घसरण मात्र आधी सुरू झाली होती. मालिका २०१० मध्ये संपली.

१३. संपाने मालिका रद्द होतात की वाचतात?

दोन्ही होते. साधारणपणे जानेवारी ते एप्रिल हे नव्या मालिकांचे नमुना भाग, म्हणजे पायलट, तयार करण्याचे महिने असतात. २००८ मध्ये तेच वाया गेले. नव्या मालिका हातात नाहीत म्हटल्यावर नेटवर्कला जुन्या सांभाळाव्या लागल्या. एनबीसीने संप मिटताच फेब्रुवारीतच ‘हीरोज’, ‘लाइफ’ आणि ‘चक’ यांना पुढची पर्वे दिली. ‘चक’चे पहिले पर्व १३ भागांचे होते. एरवी तिचे काय झाले असते सांगता येत नाही, पण ती पाच पर्वे टिकली. ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ला डायरेक्टटीव्ही या उपग्रह टीव्ही सेवेने खर्चाचा वाटा उचलून वाचवले.

रद्द होण्याची बाजू पुढच्या प्रश्नात.

१४. पर्व मंजूर झाले असे जाहीर होऊनही ते रद्द कसे होते?

ऑगस्ट २०२३ मध्ये अॅमेझॉनने ‘अ लीग ऑफ देअर ओन’चे मंजूर केलेले चार भागांचे शेवटचे पर्व आणि ‘द पेरिफेरल’चे मंजूर दुसरे पर्व रद्द केले. कारण म्हणून संपामुळे झालेला विलंब पुढे केला.

मंजुरी म्हणजे भाग करण्याचे वचन नसते, इरादा असतो. त्यासाठी कलाकारांना अडकवून ठेवण्याची मुदत असते, सेट आणि गोदामाचे भाडे चालू असते, आणि पुढचे पर्व येईपर्यंत प्रेक्षक विसरेल ही भीती असते. संप लांबला की हे सगळे वाढते. मग कंपनी विचारते की या मालिकेसाठी थांबणे परवडते का. ज्यांचे उत्तर आधीच काठावर होते, त्या मालिका जातात.

करारातले अनपेक्षित संकटाचे कलमही आहे. संप ठरावीक आठवड्यांपलीकडे गेला की स्टुडिओ लेखक-निर्मात्यांशी केलेले दीर्घ करार या कलमाखाली मोडू शकतो. जानेवारी २००८ मध्ये अनेक स्टुडिओंनी असे डझनावारी करार मोडले. नको असलेले करार मोडायला संपाने निमित्त दिले असे तेव्हा बोलले गेले, आणि मला ते पटते.

१५. संप मिटल्यावर उरलेले भाग पूर्ण का करत नाहीत?

कारण मे महिना हलत नाही (प्रश्न ५). २०२३ चा लेखकांचा संप सप्टेंबरअखेर मिटला, पण कलाकार नोव्हेंबरपर्यंत बाहेर होते. नव्या मालिका फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये सुरू होऊ शकल्या आणि मेअखेर संपणे भाग होते. म्हणून ‘अॅबट एलिमेंटरी’चे तिसरे पर्व १४ भागांचे, ‘यंग शेल्डन’चे शेवटचे पर्वही १४ चे आणि ‘ग्रेज अॅनाटॉमी’चे विसावे पर्व १० भागांचे झाले. ‘लॉस्ट’सारख्या, शेवट आधीच ठरलेल्या मालिकेचा अपवाद आहे. तिच्या चौथ्या पर्वात कमी पडलेले भाग पुढच्या पर्वांत भरून काढले.

१६. ‘ब्रेकिंग बॅड’मधला जेसी संपामुळे वाचला, हे खरे का?

पहिले पर्व ठरलेल्या नऊऐवजी सात भागांचे झाले हे खरे. जेसी पर्वाच्या शेवटी मरणार होता आणि संपाने तो वाचला, ही कथा मात्र मालिकेचे निर्माते व्हिन्स गिलिगन यांनी स्वतः खोडली आहे. जेसी साकारणाऱ्या अॅरन पॉलचे काम पाहून दुसऱ्याच भागाच्या सुमारास तो विचार सोडून दिला होता. मधल्या सक्तीच्या विश्रांतीत लेखकांना विचार करायला वेळ मिळाला, हे वेगळे.

१७. शोरनर स्वतःच लेखक असतो. तो सेटवर जाऊन चित्रीकरण चालू ठेवू शकतो का?

हा सगळ्यात नाजूक प्रश्न. शोरनर, म्हणजे मालिकेची सगळी सूत्रे हाती असलेला प्रमुख, एकाच वेळी लेखक, म्हणजे संपात, आणि निर्माता, म्हणजे कंपनीचा माणूस असतो. वेळेत बसवण्यासाठी संवाद कापणे, प्रसंगाला जोडणारी एखादी ओळ बदलणे अशी काही किरकोळ कामे एरवी लेखनात मोजली जात नाहीत. संपात मात्र गिल्डच्या सभासदाने तीही करायची नाहीत, असा गिल्डचा नियम असतो. त्यामुळे पटकथा पूर्ण असूनही सेटवर एक वाक्य अडले की ते सोडवणारा कायदेशीर माणूस नसतो.

२०२३ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. लेखक पहाटेच स्टुडिओच्या दारात फलक घेऊन उभे राहिले आणि टीमस्टर्स संघटनेच्या ट्रकचालकांनी ती रांग ओलांडायला नकार दिला. ट्रक आत गेले नाहीत की कॅमेरा, दिवे, जेवण काहीच जात नाही. अनेक चित्रीकरणे अशा रीतीने एकेका दिवसासाठी बंद पडली.

१८. संप चालू असताना लेटरमन लेखकांसह परतला आणि लेनो लेखकांविना, हे कसे?

रात्रीच्या टॉक शोचे हे दोन सूत्रधार २ जानेवारी २००८ ला परतले. लेटरमनचा कार्यक्रम त्याच्याच कंपनीचा होता. त्या कंपनीने गिल्डशी स्वतंत्र करार केला, म्हणून त्याचे आणि क्रेग फर्ग्युसनचे लेखक कामावर आले. लेनो, कोनन ओब्रायन आणि किमेल यांचे कार्यक्रम नेटवर्कच्या मालकीचे, तिथे हा मार्ग नव्हता. लेनोने सुरुवातीचे विनोद स्वतः लिहिले. तो गिल्डचा सभासद असल्याने चौकशी झाली, पण २००९ मध्ये तो निर्दोष ठरला.

२०२३ मध्ये सगळे थांबले. पाच सूत्रधारांनी मिळून पॉडकास्ट काढला आणि त्याचे पैसे आपल्या कर्मचाऱ्यांना दिले. ड्रू बॅरीमोरने सप्टेंबरात आपला दिवसा लागणारा कार्यक्रम लेखकांविना सुरू करण्याचा प्रयत्न केला, पण टीका इतकी झाली की निर्णय मागे घेतला.

१९. दिवसा लागणाऱ्या रोजच्या मालिका बंद का पडल्या नाहीत?

त्या आठवड्यातून पाच दिवस लागतात, एकदा खंड पडला तर सवय कायमची सुटते, म्हणून तिथे संपफोडे लेखन होते. काही ठिकाणी गिल्डबाहेरचे लेखक आणले जातात. काही सभासद पूर्ण सभासदत्व सोडून फक्त वाटाघाटींपुरती वर्गणी भरण्याचा कायदेशीर मार्ग धरतात. तसे केले की संपात काम करता येते, पण गिल्डमधला मताधिकार जातो आणि परतीचा रस्ता राहत नाही. २००८ मध्ये गिल्डने अशांची नावे जाहीर केली होती. मला हा मार्ग मान्य नाही, पण वर्षानुवर्षे तोट्यात चाललेली मालिका बंद पडली तर शंभर माणसांचे काम जाईल, ही भीती खोटी नव्हती.

२०. अॅनिमेशन आणि परदेशातल्या मालिकांचे काय?

अॅनिमेशनचा भाग लिहिल्यापासून दिसेपर्यंत वर्ष जवळपास जाते, त्यामुळे ‘द सिम्पसन्स’चे लेखक गिल्डमध्ये असूनही प्रेक्षकाला खंड जाणवत नाही. ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’चे दुसरे पर्व २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये चित्रित होत राहिले, कारण पटकथा संपाआधी पूर्ण होत्या आणि कलाकार मुख्यतः ब्रिटिश संघटनेच्या करारावर होते.

२१. पुरस्कार सोहळे?

जानेवारी २००८ चा गोल्डन ग्लोब सोहळा पत्रकार परिषदेत उरकला, कारण कलाकार लेखकांची रांग ओलांडायला तयार नव्हते. सप्टेंबर २०२३ चे एमी पुरस्कार १५ जानेवारी २०२४ ला झाले. जून २०२३ चे नाटकांचे टोनी पुरस्कार मात्र झाले. लिखित संहिता न वापरण्याची अट मान्य केल्यावर गिल्डने तिथे निदर्शने केली नाहीत.

२२. स्ट्रीमिंगवर वेळापत्रकच नसते. मग तिथे संपाचा उपयोग काय?

लगेच दिसणारा उपयोग कमी, हे मान्य. जगभरातल्या मालिकांचा साठा असलेल्या कंपनीला रिकामी जागा भेडसावत नाही. तिथे फटका उशिरा येतो. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चे चौथे पर्व २०२२ चे आणि पाचवे थेट नोव्हेंबर २०२५ चे, या अंतरात संपाचा मोठा वाटा आहे. भारतात बसून या मालिका पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना संप जाणवतो तो असाच.

२०२३ च्या कराराचा खरा विषय स्ट्रीमिंगच होता. पहिल्या ९० दिवसांत कंपनीच्या अमेरिकेतल्या ग्राहकांपैकी २० टक्क्यांइतक्या लोकांनी पाहिलेल्या मालिकेच्या लेखकाला जादा रक्कम मिळू लागली. प्रेक्षकसंख्या गोपनीयतेच्या अटीवर गिल्डला सांगणे बंधनकारक झाले. सहा किंवा कमी भागांना किमान तीन, सात ते बाराला पाच आणि तेरापासून पुढे सहा लेखक ठेवणे ठरले. आणि यंत्राने लिहिलेला मजकूर लेखकाचे श्रेय कापायला वापरता येणार नाही हेही.

२३. मराठी मालिकांचे लेखक असा संप का करत नाहीत?

इथे सगळ्या निर्मात्यांना आणि वाहिन्यांना बांधणारा तसा करारच नाही. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही नोंदणीकृत संघटना आहे, २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने लेखकाचा रॉयल्टीचा हक्क कायद्यात आला, पण कथा, पटकथा आणि संवाद वेगवेगळ्या माणसांकडे असलेल्या रोजच्या मालिकेत एक जण थांबला तर दुसरा आणता येतो.

साठा संपला की काय होते, हे मात्र आपण पाहिले आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतल्या कामगार-तंत्रज्ञांच्या वादात हिंदी मालिकांची चित्रीकरणे थांबली आणि वाहिन्या जुन्या भागांवर आल्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने सगळेच थांबले. आपल्या मालिकांच्या हातात काही दिवसांचेच भाग असतात, त्यामुळे अमेरिकेत जे महिन्यांनी दिसते ते इथे आठवड्या-दीड आठवड्यात दिसले. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी येताच मराठी मालिकांनी गोव्यात तळ ठोकला, तो त्याच भीतीने. मेच्या सुरुवातीला गोव्यानेही परवानगी थांबवली.

२४. संपासाठी मतदान झाले म्हणजे संप होणारच का?

नाही. ते मतदान म्हणजे नेतृत्वाला संप पुकारण्याचा अधिकार देणे. २०१७ मध्ये ९६ टक्के सभासदांनी तो दिला आणि मुदत संपता संपता करार झाला, एकाही मालिकेचा एक भागही चुकला नाही. २०२३ मध्ये जवळपास ९८ टक्क्यांनी दिला आणि संप झाला. आकडा पाहून अंदाज बांधता येत नाही. पाहायची ती कराराची मुदत (२०२३ चा करार १ मे २०२६ पर्यंतचा ठरला होता) आणि त्याआधीच्या महिन्यांत स्टुडिओ पटकथा नेहमीपेक्षा लवकर मागवत आहेत का, ते.